नारळी पौर्णिमेला बी, चंपाषष्ठीला भरीत : घरच्या कुंडीत वांगी कशी पिकवावीत

ज्या घरांत चातुर्मास पाळला जातो, तेथे आषाढातल्या कांदेनवमीला कांद्या-वांग्याचे शेवटचे जेवण होते आणि पुढे मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, म्हणजे चंपाषष्ठीला, खंडोबाला बाजरीचा रोडगा व वांग्याचे भरीत यांचा नैवेद्य दाखवूनच वांगे पुन्हा पानात येते. काही भागांत या दिवसाला वांगेसटच म्हणतात. गच्चीत किंवा परसात वांगी लावणाऱ्याला या पंचांगाचा एक व्यावहारिक उपयोग आहे. श्रावणातल्या नारळी पौर्णिमेपासून चंपाषष्ठीपर्यंत साधारण 110 दिवस होतात. वांग्याचे बी टाकल्यापासून लावण्याजोगे रोप होण्यास पाच ते सहा आठवडे लागतात आणि लवकर येणाऱ्या जातींत लागवडीपासून पहिली तोडणी हाती येण्यास नऊ ते दहा आठवडे. दोन्हींची बेरीज तेवढीच येते. त्यामुळे नारळीभात खाऊन झाला की संध्याकाळी बी टाकावे, असा नेम मी ठेवला आहे, आणि ज्यांना एकच हंगाम साधायचा आहे त्यांनी हाच साधावा असे माझे मत आहे.

महाराष्ट्रातील शेतकरी वांग्याचे तीन हंगाम धरतात. खरिपासाठी जूनमध्ये बी टाकून जुलै-ऑगस्टमध्ये रोपे लावतात, रब्बीसाठी सप्टेंबरअखेर बी टाकून ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लागवड करतात आणि उन्हाळी पिकासाठी जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात बी टाकून फेब्रुवारीत रोपे हलवतात. घरच्या बागेसाठी खरीप आणि रब्बी यांच्या मधला काळ अधिक सोयीचा पडतो, कारण तेव्हा रोप पावसाचा जोर ओसरता ओसरता कुंडीत जाते, ऑक्टोबरच्या उन्हात भराभर वाढते आणि थंडी पडू लागली की फळ धरते. जूनच्या पिकाला मुसळधार पावसात पाने व मुळे कुजण्याचा त्रास असतो. उन्हाळी पिकाची फुले एप्रिलच्या तापमानात गळतात.

वांग्याचे झाड वाढवणे अवघड नाही. सूर्यप्रकाश आणि पाणी मिळाले की ते कोणाच्याही हाती वाढते आणि कुंडीभर पसरते. अवघड आहे ते आतून स्वच्छ, अळी नसलेले फळ घरात आणणे. ज्यांनी एकदा वांगी लावून सोडून दिली, त्यांपैकी बहुतेकांची तक्रार झाड मेल्याची नसून चिरलेल्या प्रत्येक वांग्यात किडा निघाल्याची असते. म्हणून पुढील मजकुरात खतापेक्षा झाडाच्या शेंड्याविषयी आणि फुलाविषयी अधिक लिहिले आहे.

जात निवडताना

पुण्याजवळच्या मांजरीवरून नाव पडलेली मांजरी गोटा ही जात भरल्या वांग्यासाठी प्रसिद्ध आहे. फळ गोल, जांभळे व त्यावर पांढुरके पट्टे, देठावर काटे आणि तोडल्यानंतर चार-पाच दिवस टवटवीत राहणारे. वैशाली ही राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची जात असून तिला फुले व फळे झुबक्याने येतात. कृष्णाकाठच्या वांग्यांचे चाहते सांगली-साताऱ्यापासून मुंबईपर्यंत आहेत. भरितासाठी मात्र खानदेशाला तोड नाही. जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. ते मोठे, फिकट हिरवे आणि कमी बियांचे असते, परंतु इतक्या मोठ्या फळाला झाडाची ताकदही तेवढीच लागते. कुंडीतील झाड अशी दोन-तीन फळेच एका वेळी नीट पोसू शकते. जागा चार कुंड्यांची असेल तर तीन कुंड्यांत लहान गोल जात आणि एका कुंडीत नैवेद्याच्या भरितासाठी मोठी जात, अशी वाटणी समंजसपणाची ठरते.

दुकानात मिळणाऱ्या पाकिटांपैकी बरीच पाकिटे संकरित बियाण्याची असतात. ती उत्पन्नाला चांगली, पण त्यांच्या फळातून धरलेले बी पुढच्या वर्षी तसेच फळ देत नाही. स्वतःचे बी धरण्याची इच्छा असेल तर सुरुवातीलाच सुधारित किंवा गावरान जातीचे बी मागून घ्यावे आणि पाकिटावर तशी नोंद आहे का ते पाहावे.

बी आणि रोप

वांग्याचे बी बारीक असते. एका ग्रॅममध्ये दोनशेच्या आसपास दाणे भरतात. घराला सहा झाडे पुरत असतील तर पंधरा दाणे टाकले तरी चालते. उरलेले पाकीट घट्ट बंद करून कोरड्या जागी ठेवावे. बी टाकण्यापूर्वी ते चिमूटभर ट्रायकोडर्मा पावडरमध्ये घोळवून घ्यावे. ही मित्रबुरशी आहे. कोवळी रोपे जमिनीलगत कुजून माना टाकतात तो रोग तिच्यामुळे बराच आटोक्यात राहतो.

प्लॅस्टिकच्या रोपट्रेमध्ये, किंवा तळाला भोके पाडलेल्या चहाच्या कपांत, कोकोपीट आणि गांडूळखत समान भागांत मिसळून भरावे. प्रत्येक खणात दोन दाणे अर्धा ते एक सेंटिमीटर खोल ठेवून वर हलकेच मिश्रण पसरावे. श्रावणात आकाशाचा भरवसा नसल्याने ट्रे पावसाच्या थेट माऱ्यापासून आडोशाला, परंतु भरपूर उजेडात असावा. सात ते दहा दिवसांत कोंब वर येतात. येथे एक चूक सर्रास होते. उगवण होईपर्यंत ट्रे सावलीत ठेवला जातो, आणि उगवल्यावरही तो तिथेच राहतो. मग रोपे उजेडाच्या दिशेने काडीसारखी लांब होतात आणि पुढे कधीच बळ धरत नाहीत. पहिला कोंब दिसला त्याच दिवशी ट्रे उन्हाच्या जागी हलवावा. दोन दाणे उगवले असतील तर अशक्त रोप कात्रीने कापावे, उपटू नये. उपटताना शेजारच्या रोपाची मुळे दुखावतात.

पाच-सहा आठवड्यांत रोप 12 ते 15 सेंटिमीटर उंच होते आणि त्याला पाच-सहा खरी पाने येतात. लागवडीच्या आधी आठवडाभर पाणी थोडे कमी करून रोप पूर्ण उन्हाला सरावू द्यावे. रोपवाटिकेतून तयार रोपे आणायची असतील तर पाने उलटून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. एका वर्षी मी घाईत आणलेल्या सहा रोपांपैकी चार रोपांना पुढे पर्णगुच्छ झाला, म्हणजे पाने बोटाच्या पेराएवढी बारीक राहून झुबक्यासारखी वाढली आणि फूल म्हणून आले नाही. त्याला काही ठिकाणी बोकड्या म्हणतात. तो तुडतुड्यांमार्फत पसरतो आणि त्यावर उपाय नाही. झाड काढून टाकावेच लागते.

कुंडी, माती आणि ऊन

एका झाडाला किमान 15 ते 20 लिटर मातीची कुंडी किंवा तेवढीच ग्रो बॅग हवी, आणि खोली 12 इंचांहून कमी नको. रंगाची रिकामी बादली चालते, मात्र तिच्या तळाला चार-पाच मोठी भोके पाडून घ्यावीत. एका कुंडीत दोन रोपे लावण्याचा मोह सर्वांना होतो. त्याने फळे दुप्पट येत नाहीत, फक्त पाणी दुप्पट लागते. जमिनीवर लावताना जातीच्या पसाऱ्यानुसार दोन झाडांत 60 ते 90 सेंटिमीटर अंतर ठेवावे.

चार भाग पोयटा माती, तीन भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत, दोन भाग कोकोपीट आणि एक भाग जाडसर वाळू, हे मिश्रण मला सर्वांत भरवशाचे वाटते. प्रत्येक कुंडीत दोन मुठी निंबोळी पेंड मिसळावी. गच्चीवर वजनाची चिंता असेल तर माती कमी करून कोकोपीट वाढवता येते, पण मग पाणी लवकर सुकते व खतही वरचेवर द्यावे लागते. मागच्या हंगामात ज्या मातीत टोमॅटो, मिरची, बटाटा किंवा वांगेच होते, ती माती पुन्हा वांग्याला वापरू नये. ही सर्व एकाच कुळातली पिके असून त्यांचे जमिनीतले रोग आणि मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी सामाईक आहेत. तशी माती मेथी, गवार किंवा झेंडूला द्यावी. झेंडूच्या मुळांनी सूत्रकृमींची संख्या घटते, हा त्यातला जास्तीचा लाभ.

ऊन दिवसाला निदान सहा तास हवे. तीन-चार तास ऊन येणाऱ्या बाल्कनीत झाड हिरवेगार दिसेल आणि फुलेही देईल, परंतु फळे मोजकीच धरतील. अशा बाल्कनीत अळू किंवा पुदिना लावणे बरे.

लागवड, पाणी, खत

रोपे संध्याकाळी लावावीत. रोप ट्रेमध्ये ज्या खोलीवर होते त्याच खोलीवर बसवावे. टोमॅटोसारखे खोड खोल पुरल्याने वांग्याला फारसा लाभ नाही, उलट खोड कुजण्याची भीती असते. लावतानाच शेजारी तीन फुटांची बांबूची काठी रोवून ठेवावी; फळांचा भार आल्यावर काठी रोवली तर मुळे तुटतात.

पाणी सकाळी, मातीवर, झारीचा फवारा काढून द्यावे. बोट पेरभर मातीत घालून पाहावे आणि ओल लागली तर त्या दिवशी पाणी देऊ नये. ऑक्टोबरमध्ये बहुधा रोज, तर डिसेंबरच्या थंडीत एक दिवसाआड पाणी पुरते. एकदा माती पार सुकवून मग बादलीभर ओतण्याची सवय वाईट, कारण त्याने फुले गळतात आणि वाढत्या फळांची साल राठ व चव कडवट होते. कुंडीवर वाळल्या पानांचे किंवा उसाच्या चिपाडाचे आच्छादन घालावे, मात्र त्यात वांग्याचीच गळालेली पाने मिसळू देऊ नयेत. कारण पुढे येईल.

खताच्या बाबतीत हात आखडता घेणारा माळी अधिक वांगी खातो, असा अनुभव आहे. नत्र जास्त झाले की पाने मोठी, मऊ व रसरशीत होतात, आणि तुडतुडे, मावा व अळी यांना नेमकी तीच हवी असतात. लागवडीनंतर तीन आठवड्यांनी बुंध्यापासून चार बोटे दूर आळे करून दोन मुठी गांडूळखत द्यावे आणि पुढे दर तीन आठवड्यांनी तेवढेच. फुले लागताना मूठभर हाडखत आणि थोडी लाकडाची राख द्यावी. जीवामृत करायचे असेल तर दहा लिटर पाण्यात अर्धा किलो ताजे शेण, अर्धा लिटर गोमूत्र, शंभर ग्रॅम गूळ, शंभर ग्रॅम बेसन आणि मूठभर बांधावरची माती असे प्रमाण घेऊन ते दोन-तीन दिवस सावलीत, सकाळ-संध्याकाळ ढवळत ठेवावे. सोसायटीच्या गच्चीवर हा प्रयोग करण्यापूर्वी शेजाऱ्यांना कल्पना द्यावी, वास लपत नाही. रासायनिक खत वापरणाऱ्यांना 19:19:19 हे विद्राव्य खत लिटरला दोन ग्रॅम या प्रमाणात पंधरा दिवसांतून एकदा पुरे होते.

पहिल्या फुलाच्या खाली बुंध्यापासून निघणारी कोवळी फूट खुडून टाकावी आणि वर तीन-चार जोमदार फांद्या राखाव्यात. झाडात हवा खेळली पाहिजे आणि पाने मातीला टेकता कामा नयेत.

फुलाकडे पाहायला शिकणे

वांग्याला भरपूर फुले येऊन गळतात, तेव्हा बहुतेक जण खताची बाटली शोधू लागतात. त्याआधी एक फूल हातात धरून पाहावे. मध्यभागी पिवळ्या केसरांची एक नळी असते आणि त्या नळीच्या तोंडातून हिरवट टोक बाहेर डोकावते. ते स्त्रीकेसराचे टोक. काही फुलांत हे टोक केसरांच्या पुढे स्पष्ट आलेले असते, काहींत केसरांच्या बरोबरीने असते आणि काहींत ते आतच लपलेले असते. पहिल्या दोन प्रकारची फुले फळ धरतात. तिसऱ्या प्रकारची फुले बहुधा गळतातच, त्यात दोष कोणाचा नसतो. परंतु झाडावरची बहुतेक फुले तिसऱ्या प्रकारची दिसू लागली तर झाड उपाशी किंवा थकलेले आहे असे समजावे, आणि तेव्हाच खताचा विचार करावा.

दुसरी गोष्ट परागाची. वांग्याचे फूल स्वतःच्या परागानेही फळते, पण पराग उघड्यावर नसतो. तो केसरांच्या आत कोंडलेला असतो आणि टोकाच्या बारीक छिद्रांतून, मिठाच्या डबीतून मीठ झटकावे तसा, कंपनाने बाहेर पडतो. काळा भुंगा फुलाला लोंबकळून जो गुंजारव करतो, त्यातून नेमके हेच घडते. वारा आणि भुंगे असलेल्या परसात याची चिंता करावी लागत नाही. जाळी लावलेल्या गच्चीवर, दहाव्या मजल्यावरच्या बंदिस्त बाल्कनीत किंवा पॉलिहाउसमध्ये मात्र हे काम माळ्यानेच करायचे असते.

मला हे उशिरा कळले. अळीला कंटाळून मी एका वर्षी सर्व कुंड्या कीटकरोधक जाळीच्या छोट्या मांडवात बंद केल्या. झाडे इतकी निरोगी झाली की येणारा-जाणारा थांबून पाहत असे, परंतु महिनाभर एकही वांगे लागले नाही आणि रोज सकाळी जाळीखाली जांभळ्या फुलांचा सडा. त्यानंतर सकाळी आठ ते अकराच्या दरम्यान प्रत्येक उमललेल्या फुलाच्या देठावर मागून बोटाने दोन-तीन टिचक्या मारण्याचा क्रम सुरू केला आणि आठ-दहा दिवसांत हिरव्या टोप्या फुगू लागल्या. विजेवर चालणारा जुना दातांचा ब्रश असेल तर त्याची पाठ फुलाच्या देठाला दोन-तीन सेकंद टेकवावी. काळा कागद खाली धरल्यास पिवळी भुकटी पडताना दिसते.

तापमान हाही फुलगळीचा एक मोठा भाग आहे. पारा सातत्याने 35 अंशांच्या वर किंवा रात्री 15 अंशांच्या बराच खाली राहिला की फळधारणा मंदावते. उन्हाळी पिकावर 50 टक्के सावलीचे शेडनेट दुपारपुरते ओढता येईल अशी व्यवस्था करावी. ब्रिटनसारख्या थंड प्रदेशात राहणाऱ्या मराठी मंडळींचा प्रश्न उलटा असतो. त्यांनी फेब्रुवारी-मार्चमध्ये घरातल्या उबेत बी टाकावे, कडाका पूर्ण ओसरल्यावर रोपे काचघरात न्यावीत, झाड 30 सेंटिमीटर झाले की शेंडा खुडावा आणि एका झाडावर पाच-सहाच फळे राखावीत; तिथला उन्हाळा त्याहून अधिक फळे पिकू देत नाही.

शेंडा

आता त्या अळीविषयी. शेंडा व फळ पोखरणारी अळी ही वांग्याची सर्वांत मोठी शत्रू आहे. तिला तोंड देण्यासाठीच जनुकीय बदल केलेले बीटी वांगे तयार झाले, ज्याच्या लागवडीला केंद्र सरकारने फेब्रुवारी 2010 मध्ये स्थगिती दिली. व्यापारी शेतीत तिच्यावर फवारण्यांमागून फवारण्या होतात. घरी चार-सहा झाडे असणाऱ्याला फवारणीहून चांगले हत्यार उपलब्ध आहे, ते म्हणजे रोजची नजर आणि कात्री.

पांढुरक्या पंखांवर तपकिरी-गुलाबी ठिपके असलेला लहानसा पतंग रात्री पानांच्या मागे अंडी घालतो. अंड्यातून निघालेली अळी, झाडाला अजून फळे नसतील तर, कोवळ्या शेंड्यात शिरते. बाकीचे झाड ताठ असताना एखादाच शेंडा दुपारी मान टाकतो, आणि नवखा माळी पाणी कमी पडले असे समजून झारी उचलतो. तसा शेंडा दिसला की तो कोमेजलेल्या भागाच्या दोन बोटे खाली कापावा. एकदा तरी तो नखाने उभा चिरून पाहावा. आत ओलसर भुशासारखी विष्ठा आणि तिच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढी, फिकट गुलाबी अंगाची, तपकिरी डोक्याची अळी दिसते. कापलेल्या काडीच्या टोकाशी भोक दिसत असेल तर अळी आणखी खाली आहे, पुन्हा कापावे. कापलेले शेंडे कचऱ्याच्या डब्यात किंवा खताच्या ढिगात टाकू नयेत. साबणाच्या पाण्यात बुडवून मारावेत. शेंडा गेल्याने झाडाचे नुकसान होत नाही, खालून दोन फुटी येतात.

फळे लागल्यावर हीच अळी फळाकडे वळते. ती इतकी लहान असताना, बहुधा देठाच्या हिरव्या टोपीखालून, आत शिरते की प्रवेशाचे छिद्र विष्ठेने बुजून जाते आणि फळ बाहेरून निर्मळ दिसते. आपल्याला दिसते ते मोठे भोक अळी बाहेर पडल्याचे असते. म्हणून फळ लागण्यापूर्वीचे तीन-चार आठवडे, जेव्हा ती शेंड्यात असते आणि शेंडा कोमेजून तिचा पत्ता सांगतो, तेच तिला गाठण्याचे दिवस होत. त्या काळात एक दिवसाआड दुपारच्या सुमारास झाडांवर नजर फिरवावी. ज्याला हे जमले नाही, त्याने पुढे काहीही फवारले तरी फळाच्या आतल्या अळीपर्यंत ते पोहोचत नाही.

पूर्ण वाढलेली अळी बाहेर पडून वाळक्या पानांत, खोडाच्या सांदीत किंवा मातीच्या पृष्ठभागावर कोष करते. आच्छादनात वांग्याची पाने नकोत, असे वर म्हटले ते याचसाठी. गळालेले पान आणि किडके फळ त्याच दिवशी उचलावे, आणि आठवड्यातून एकदा आच्छादन बाजूला सारून वरची माती खुरप्याने हलवावी. याच्या जोडीला वांग्याच्या अळीचा कामगंध सापळा मिळतो, तो झाडांच्या शेंड्यांपेक्षा थोडा उंच टांगावा. त्यात नर पतंग अडकतात. त्यातली गंधगोळी पाकिटावर दिलेल्या मुदतीत बदलावी. सापळा मागताना पीक सांगायला विसरू नये, कारण प्रत्येक किडीची गोळी वेगळी असते.

पाच टक्के निंबोळी अर्क हा दहा-बारा दिवसांच्या अंतराने करण्याचा फवारा आहे. 50 ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्यांची भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी, सकाळी फडक्याने गाळावी, चिमूटभर साबणचुरा घालावा आणि संध्याकाळी पानांच्या मागच्या बाजूला फवारावे. त्याने अंडी घालणारे पतंग दूर राहण्यास मदत होते, तुडतुडे व पांढरी माशीही कमी होते.

बाकीचे त्रास

पानाच्या कडा पिवळ्या पडून वर वळल्या तर तुडतुडे. पान मागून बारीक जाळी धरून धुरकट दिसले तर लाल कोळी. कोळ्याला उन्हाळ्यात पानांच्या मागे पाण्याचा जोराचा फवारा दोन-तीन दिवस मारला तरी बराच आवर बसतो. पानाची चाळणी करणारा, ठिपक्यांचा, तांबूस भुंगेरा बागेतल्या उपयुक्त चित्रांगासारखा दिसतो म्हणून लोक त्याला सोडून देतात. पान खरवडलेले दिसत असेल आणि त्यावर पिवळ्या काटेरी अळ्या असतील तर तो वांगे खाणारा आहे, हाताने वेचावा. कापसासारखा पिठ्या ढेकूण साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या बोळ्याने पुसून काढावा.

कोकण आणि गोव्यात, आम्लधर्मी मातीत व दमट उष्ण हवेत, जिवाणूजन्य मर हा खरा काळ आहे. हिरवेगार झाड एका दिवसात पाने न पिवळी पडता कोमेजते. खात्री करण्यासाठी जमिनीलगतच्या खोडाचा बोटभर तुकडा कापून काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात अर्धवट बुडवून स्थिर धरावा. काही मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधट धागे खाली उतरताना दिसले तर रोग तोच. ते झाड मातीसकट काढावे, कात्री उकळत्या पाण्याने धुवावी आणि त्या जागी वांगे कुळातले काही लावू नये. अशा भागात कुंडीत ताज्या मातीत लागवड करावी, बंगळुरूच्या बागवानी संशोधन संस्थेच्या अर्का निधी, अर्का केशव यांसारख्या मर सहन करणाऱ्या जाती लावाव्यात, किंवा रानवांग्याच्या खुंटावर कलम केलेली रोपे मिळाल्यास ती घ्यावीत.

तोडणी, छाटणी आणि बी

फूल उमलल्यापासून लहान जातीचे फळ दोन ते तीन आठवड्यांत तोडण्याजोगे होते. खूण आकाराची नव्हे, चकाकीची धरावी. साल आरशासारखी चमकत असताना आणि अंगठ्याने दाबले असता खळगा पडून हळूच भरून येत असताना वांगे काढावे. चमक गेली, साल मातकट झाली की आतले बी तपकिरी व कडू होऊ लागते, शिवाय जून फळ झाडावर राहिले तर नवी फुले कमी येतात. देठ कात्रीने कापावा. ओढल्यास फांदी सोलते, आणि काटेरी जातीत हातही. चार-पाच दिवसांनी एकदा तोडणी होत राहते.

फेब्रुवारी-मार्चपर्यंत झाड थकते. निरोगी असेल तर ते उपटू नये. पाणी टंचाईच्या भागात उन्हाळाभर जेमतेम जगवून जूनच्या पहिल्या पावसात, आणि पाणी मुबलक असेल तर मार्चमध्येच, दोन-तीन मुख्य फांद्या राखून झाड जमिनीपासून वीतभर उंचीवर छाटावे, वरची चार बोटे माती काढून तेथे नवे खत व निंबोळी पेंड भरावी. दोन महिन्यांच्या आत ते पुन्हा फळते. हा खोडवा नव्या रोपाहून लवकर येतो, फळे मात्र थोडी लहान असतात.

बी धरायचे झाल्यास सर्वांत निरोगी झाडावरील एक चांगले फूल उमलण्याच्या आदल्या संध्याकाळी मलमलीच्या पिशवीत बांधावे, म्हणजे शेजारच्या जातीचा पराग त्यात येत नाही. सकाळी पिशवीवरूनच टिचकी मारावी. फळ धरल्यावर पिशवी काढून देठाला लाल दोरा बांधावा, नाहीतर घरातले कोणीतरी ते भाजीसाठी तोडते. फळ झाडावरच पूर्ण पिवळे होऊ द्यावे, मग काढून आठवडाभर घरात ठेवावे, चिरून गर पाण्यात कुस्करावा. भरलेले बी तळाशी बसते, पोचट वर तरंगते. तळाचे बी सावलीत चार-पाच दिवस वाळवून, कागदी पाकिटात घालून, त्यावर जातीचे नाव आणि साल लिहून डब्यात ठेवावे. तीन-चार वर्षे ते उगवते. नारळी पौर्णिमेच्या आठवडाभर आधी दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून कितींना मोड येतात ते पाहिले, म्हणजे ट्रेमध्ये किती टाकायचे याचा अंदाज येतो.